संशोधनाची भाषा आणि लोकांचा विश्वास : वूबर्नविषयीचे दोन ग्रंथ

१

पर्यावरणातील दूषितांमुळे उद्भवणाऱ्या कर्करोगाचे संशोधन हा वैद्यक आणि संख्याशास्त्र ह्यांचा विषय मानला जातो. लोकांचा त्याच्याशी संबंध येतो तो शेवटी, निष्कर्ष जाहीर होताना. त्या वेळी लोक निष्कर्षावर विश्वास ठेवीत नाहीत असे दिसले, की शास्त्रीय भाषा त्यांस कळत नाही असे निदान केले जाते आणि भाषा सोपी करण्याचा उपाय सुचविला जातो. हे निदान अपुरे आहे. विश्वासाचा प्रश्न निष्कर्षाच्या वेळी निर्माण होत नाही. कोणाचे कथन नोंद म्हणून स्वीकारले जाते, कोणाचे ‘ऐकीव’ म्हणून बाजूस ठेवले जाते आणि कोणत्या शब्दाने कशाचे मोजमाप होते, हे संशोधनाच्या आरंभीच ठरते, व विश्वास अथवा अविश्वास तेथेच रुजतो. ह्या दृष्टीने अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वूबर्न ह्या गावाविषयी लिहिले गेलेले दोन ग्रंथ एकत्र वाचण्याजोगे आहेत. पहिला फिल ब्राऊन आणि एडविन मिकेल्सन ह्यांचा ‘नो सेफ प्लेस’ (१९९०) आणि दुसरा जोनाथन हार ह्यांचा ‘अ सिव्हिल ॲक्शन’ (१९९५). विषय एक, गाव एक, कुटुंबेही तीच; परंतु दोन्ही ग्रंथांत लोकांस जे व्याकरणिक स्थान मिळाले आहे ते अगदी भिन्न आहे.

२

प्रथम वस्तुस्थिती ध्यानात घेणे अवश्य आहे. बॉस्टनच्या उत्तरेस असलेले वूबर्न हे कातडी कमावण्याच्या व रासायनिक उद्योगांचे जुने केंद्र. गावाच्या पूर्व भागास पाणी पुरविण्यासाठी १९६४ व १९६७ साली ‘जी’ आणि ‘एच’ ह्या दोन विहिरी खोदण्यात आल्या. पाण्याच्या वासाविषयी आणि चवीविषयी रहिवाशांच्या तक्रारी तेव्हापासूनच होत्या. १९७२ साली ॲन अँडरसन ह्या गृहिणीच्या लहान मुलास ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, झाल्याचे निष्पन्न झाले. रुग्णालयात आणि शेजारीपाजारी तिला ह्याच रोगाने ग्रस्त अशी इतर मुले आढळली, आणि सर्वांस समान असे काही असेल तर ते पाणीच असावे असा तर्क तिने केला. पाण्याची तपासणी करावी अशी विनंती तिने अधिकाऱ्यांस केली, तेव्हा एका व्यक्तीच्या सांगण्यावरून तशी तपासणी करता येत नाही असे उत्तर तिला मिळाले.

मे १९७९ मध्ये विहिरींच्या परिसरात टाकून दिलेली रासायनिक पिंपे सापडली, त्यामुळे पाण्याची तपासणी झाली आणि विहिरी बंद करण्यात आल्या. पाण्यात ट्रायक्लोरोएथिलीनचे प्रमाण दर अब्ज भागांत २६७ भाग इतके आढळले. त्याच वर्षी अँडरसन आणि ब्रूस यंग हे स्थानिक धर्मोपदेशक ह्यांनी वृत्तपत्रातून आवाहन करून रुग्णांची माहिती गोळा केली आणि ती नकाशावर टिपली. यंग हे प्रारंभी साशंक होते. नकाशाने त्यांचा संशय फिटला. राज्याच्या आरोग्यखात्याने आणि केंद्रीय रोगनियंत्रण केंद्राने केलेल्या चौकशीचा अहवाल जानेवारी १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. १९६९ ते १९७९ ह्या काळात बालकांच्या ल्युकेमियाचे ५.३ रुग्ण ‘अपेक्षित’ असताना प्रत्यक्षात १२ आढळले, असे त्यात नमूद होते. पाण्याशी मात्र त्यांचा संबंध जोडता आला नव्हता, कारण १९७९ पूर्वीच्या पाण्यात काय होते ह्याची मापनेच उपलब्ध नव्हती. मे १९८२ मध्ये आठ कुटुंबांनी डब्ल्यू. आर. ग्रेस आणि बीट्रिस फूड्स ह्या कंपन्यांविरुद्ध दावा दाखल केला. १९८६ साली ज्यूरीने बीट्रिसला दोषमुक्त केले आणि ग्रेसवर काही अंशी ठपका ठेवला. पुढे न्यायाधीशांनी तो निर्णय रद्द करून नव्या सुनावणीचा आदेश दिला, आणि ग्रेसने ८० लाख डॉलर देऊन तडजोड केली.

३

ब्राऊन हे समाजशास्त्रज्ञ आणि मिकेल्सन हे मनोरोगतज्ज्ञ. त्यांच्या ग्रंथाचे मुख्य साधन म्हणजे कुटुंबांच्या आणि कार्यकर्त्यांच्या मुलाखती. ह्या सामग्रीच्या आधारे ब्राऊन ह्यांनी ‘लोकप्रणीत रोगपरिस्थितिविज्ञान’ अशी संकल्पना मांडली. सामान्य लोक स्वतः माहिती जमवितात, तज्ज्ञांची मदत घेतात, आणि रोगाच्या कारणांत भौतिक घटकांबरोबर सामाजिक व राजकीय घटकांचाही विचार करतात, असे तिचे थोडक्यात स्वरूप आहे. ह्या ग्रंथात लोक हे वाक्याचे कर्ते आहेत. ते विचारतात, मोजतात, नकाशा काढतात, सभा भरवितात. शासकीय अहवालांत ज्यास ‘तक्रार’ असे नाव मिळते, त्यास येथे ‘निरीक्षण’ म्हटले आहे. हा केवळ शब्दांचा फेरबदल नव्हे. तक्रारीचे निवारण करावयाचे असते. निरीक्षणाची तपासणी करावी लागते. वूबर्नच्या रहिवाशांनी १९६० च्या दशकात पाण्याविषयी जे सांगितले त्याची गणना निरीक्षणात झाली असती, तर १९७९ पूर्वीच्या मापनांचा अभाव कदाचित इतका जाणवला नसता.

ग्रंथाची दुर्बलताही येथेच आहे. मिकेल्सन ह्यांनी फिर्यादी कुटुंबांची मानसिक तपासणी त्यांच्या वकिलांच्या वतीने केलेली होती. ही गोष्ट लपविलेली नाही. परंतु तिचा परिणाम विवेचनाच्या रचनेवर झालेला आहे. लोकांचा तर्क खरा ठरत जातो आणि अधिकाऱ्यांचा विरोध ओसरत जातो, अशी एक दिशा ग्रंथास लाभली आहे. लोकांचे निरीक्षण चुकीचे ठरले तर त्या ज्ञानाचे काय करावयाचे, ह्या प्रश्नास ‘लोकप्रणीत’ संशोधनाच्या उपपत्तीत पुरेशी जागा नाही. ज्या उपपत्तीत पराभवाची सोय नाही, ती उपपत्ती विश्वासाचे स्पष्टीकरण देऊ शकत नाही. ती फार तर निष्ठेचे स्पष्टीकरण देते.

४

हार ह्यांचा ग्रंथ वाङ्मयीन दृष्ट्या अधिक सरस आहे, ह्यात शंका नाही. सुमारे आठ वर्षे लेखकाने ह्या खटल्याचा पाठपुरावा केला. वकिलांच्या कचेरीतील घडामोडी त्याने जवळून पाहिल्या. ग्रंथास १९९५ चे नॅशनल बुक क्रिटिक्स सर्कल पारितोषिक मिळाले आणि १९९८ साली त्यावर चित्रपटही निघाला. फिर्यादींचे वकील जॅन श्लिक्टमन हे कथेचे नायक. त्यांची जिद्द, त्यांचा अहंकार आणि अखेरीस ओढवलेले कर्जबाजारीपण ह्यांचे चित्रण निःपक्षपाती आहे. लेखक त्यांना देवत्व देत नाही.

परंतु ह्या रचनेची किंमत कुटुंबांनी चुकविली आहे. न्यायाधीश वॉल्टर स्किनर ह्यांनी खटल्याचे टप्पे पाडले होते. पहिल्या टप्प्यात केवळ दूषिते विहिरींपर्यंत पोहोचली की नाही एवढाच विचार व्हावयाचा होता. रोगाचा विचार त्यानंतर. तो पुढचा टप्पा आलाच नाही. परिणामी, ज्यांची मुले दगावली त्या आईबापांस ज्यूरीपुढे आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळाली नाही. ज्यूरीस विचारलेले प्रश्न तर इतके गुंतागुंतीचे होते की, भूजलाचा प्रवाह कोणत्या महिन्यात कोठवर पोहोचला हे त्यांस ठरवावे लागत होते. हार हे सारे तपशीलवार सांगतात. मात्र न्यायालयाने कुटुंबांस ज्या मौनात ठेवले, त्याच मौनात कथनानेही त्यांस बव्हंशी ठेवले आहे. पूर्वार्धातील अँडरसन उत्तरार्धात मागे पडते, आणि वाचकाची उत्कंठा ‘पाण्याने रोग झाला काय?’ ह्या प्रश्नाऐवजी ‘वकील तगेल काय?’ ह्या प्रश्नाकडे वळते.

ह्याहून महत्त्वाचा परिणाम विज्ञानाविषयीच्या वाचकाच्या धारणेवर होतो. न्यायालयात विज्ञान हे साक्षीच्या रूपाने येते. तज्ज्ञ हा एका पक्षाचा साक्षीदार असतो. त्याच्या विधानापेक्षा त्याच्या व्यक्तित्वावरील विश्वास मोडणे हे उलटतपासणीचे उद्दिष्ट असते. हार ह्यांच्या वाचकास विज्ञान बहुतांशी ह्याच रूपात भेटते. ह्याच गावात, ह्याच वर्षांत, लोक आणि संशोधक ह्यांनी मिळून दुसऱ्या रीतीने जो शोध घेतला त्यास ग्रंथात गौण स्थान आहे. त्यामुळे वाचकाच्या मनावर उमटतो तो ठसा असा की, सत्य हे ज्याच्याजवळ अधिक पैसा आहे त्याचे असते. खटल्यापुरता तो ठसा कदाचित यथार्थ असेल. संशोधनापुरता तो यथार्थ नाही.

५

तो दुसरा शोध म्हणजे हार्वर्ड येथील संख्याशास्त्रज्ञ स्टीफन लॅगाकोस, बार्बरा वेसेन आणि मार्व्हिन झेलेन ह्यांनी केलेली पाहणी. १९८१ साली अँडरसन आणि यंग ह्यांनी हार्वर्डच्या सार्वजनिक आरोग्य विद्यालयात आपली हकीकत मांडली, तेथून तिचा उगम झाला. सुमारे तीनशे स्वयंसेवकांनी दूरध्वनीवरून ५,०१० मुलाखती घेतल्या. गावातील दूरध्वनी असलेल्या घरांपैकी ५७ टक्के घरे त्यात आली. विहिरींच्या पाण्याची उपलब्धता आणि बालकांचा ल्युकेमिया, जन्माच्या सुमारास होणारे मृत्यू व काही जन्मजात व्यंगे ह्यांत संबंध आढळला. फेब्रुवारी १९८४ मध्ये हे निष्कर्ष गावातील चर्चमध्ये जाहीर करण्यात आले आणि १९८६ साली ते अमेरिकन संख्याशास्त्र संघटनेच्या नियतकालिकात इतर तज्ज्ञांच्या टीकेसह प्रसिद्ध झाले.

टीकेचा मुख्य रोख एका शब्दावर होता. इंग्रजीत ‘बायस’ हा शब्द दोन अर्थांनी वावरतो : मापनातील एकाच दिशेची चूक, आणि मनातील पक्षपात. स्वयंसेवक गावचेच असल्यामुळे मुलाखतींत ‘बायस’ शिरला असेल, असे टीकाकारांनी म्हटले तेव्हा संख्याशास्त्रज्ञास पहिला अर्थ ऐकू आला आणि स्वयंसेवकास दुसरा. एकाला ती तपासून पाहण्याजोगी शंका वाटली, दुसऱ्याला ती प्रामाणिकपणावरील शिंतोडा वाटली. संशोधकांनी ह्या शंकेची उत्तरे संख्याशास्त्रीय रीतीनेच दिली. मुलाखतकारांस त्या त्या घरास विहिरींचे पाणी किती मिळत होते ह्याची माहिती नव्हती, हे त्यांतील एक. परंतु शब्दाने जी दुखावणूक केली ती कोष्टकांनी भरून निघत नाही. मराठीत ह्या बाबतीत सोय अधिक चांगली आहे. संख्याशास्त्राच्या परिभाषेत ‘अभिनती’ हा शब्द आहे आणि व्यवहारात ‘पूर्वग्रह’ व ‘पक्षपात’ हे आहेत. तरीही मराठी वृत्तलेखनात संख्याशास्त्रीय ‘बायस’साठी ‘पूर्वग्रह’ सर्रास योजला जातो आणि भाषेने दिलेली सोय वाया जाते.

‘अपेक्षित’ ह्या शब्दाची कथा ह्याहून सूक्ष्म आहे. ५.३ रुग्ण ‘अपेक्षित’ होते, हे विधान रुग्णाच्या आईने वाचले तर ते तिला निर्दय वाटणारच. अशी अपेक्षा कोणी केली? रोगाची अपेक्षा करणारा हा कोण? इंग्रजी शब्दाप्रमाणे मराठी ‘अपेक्षा’ ह्या शब्दालाही आज इच्छेचा व आशेचा रंग आहे. परंतु ह्याच शब्दाचा जुना अर्थ, म्हणजे एका वस्तूस दुसरीच्या संदर्भात पाहणे, मराठीने ‘-पेक्षा’ ह्या शब्दयोगी अव्ययात आणि ‘सापेक्ष’ ह्या विशेषणात जपून ठेवला आहे. संख्याशास्त्रास अभिप्रेत असलेला अर्थ हाच आहे : मोठ्या लोकसंख्येतील प्रमाण ह्या गावास लावले असता येणारी संख्या, जिच्या‘पेक्षा’ प्रत्यक्ष संख्या अधिक की उणी हे पाहावयाचे. ‘तुलनासंख्या’ असा शब्द योजला, तर अर्थ बिघडत नाही आणि दुःखितास डिवचलेही जात नाही.

तिसरा शब्द ‘लक्षणीय’. काही अभ्यासक त्याऐवजी ‘सार्थ’ असे लिहितात. दोहोंतही धोका आहे, कारण जे ‘लक्षणीय नाही’ ते दुर्लक्ष करण्याजोगे आणि जे ‘सार्थ नाही’ ते निरर्थक, असा बोध सामान्य वाचकास होतो. वूबर्नच्याच पुढील इतिहासात ह्याचे उदाहरण आहे. राज्याच्या आरोग्यखात्याने नंतर केलेल्या तुलनात्मक अभ्यासात १९६९ ते १९८९ ह्या काळातील १९ रुग्ण आणि तुलनेसाठी ३७ निरोगी मुले घेण्यात आली. आईने गर्भारपणात ह्या विहिरींचे पाणी वापरले होते की नाही ह्यावरून काढलेले ऑड्सचे गुणोत्तर ८.३३ आले, पण त्याचा अंतराल ०.७३ ते ९४.६७ इतका विस्तृत होता. म्हणजे हे गुणोत्तर रूढ कसोटीवर ‘लक्षणीय’ नव्हते. तथापि पाण्याचा संपर्क वाढत जाईल तसा धोकाही वाढत जातो हा क्रम मात्र त्या कसोटीस उतरला. अशा निष्कर्षाचे ‘संबंध सिद्ध झाला’ आणि ‘संबंध आढळला नाही’ असे दोन्ही मथळे होऊ शकतात, व दोन्हीही चूक ठरतात. एकोणीस मुलांच्या माहितीवरून जेवढे म्हणता येते तेवढेच येथे म्हटलेले आहे. आणि हा अंतराल, ज्यास मराठीत ‘विश्वास-अंतराल’ असेही म्हटले जाते, तो आकड्यावरील विश्वासाची मर्यादा सांगतो. ती मर्यादा लोकांस उघड सांगितल्याने त्यांचा विश्वास कमी होतो, ही समजूत संशोधकांनी सोडून दिली पाहिजे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली ट्रायक्लोरोएथिलीनची गणना मानवास कर्करोगकारक अशा पहिल्या गटात केली, ती प्रामुख्याने मूत्रपिंडाच्या कर्करोगाच्या पुराव्यावरून. वूबर्नच्या मातांचा संशय ज्या पदार्थावर होता तो निर्दोष नव्हता. परंतु ज्या रोगावरून त्यांनी संशय घेतला त्या रोगाचा निवाडा त्या निर्णयाने होत नाही. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत, आणि दोन्ही सांगावी लागतात.

६

ब्राऊन ह्यांच्या उपपत्तीत ज्या पराभवाची सोय नाही असे वर म्हटले, त्याची कसोटी दुसऱ्या ठिकाणी लागली. न्यूयॉर्कनजीकच्या लाँग आयलंडवरील स्त्रियांनी स्तनांच्या कर्करोगाच्या आधिक्याविषयी चळवळ केली, आणि १९९३ साली अमेरिकी काँग्रेसने कायद्यानेच तेथील पर्यावरणाचे संशोधन करविले. सुमारे पंधराशे रुग्ण आणि तितक्याच निरोगी स्त्रियांचा त्यात अभ्यास झाला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत डीडीटीचे अवशेष आणि पीसीबी ह्यांचा रोगाशी संबंध आढळला नाही. ज्यांनी हे संशोधन मिळविले त्यांच्या पदरी निराशा आली. परंतु येथेही वाक्यरचनेकडे पाहिले पाहिजे. ‘संबंध आढळला नाही’ हे कर्तृहीन वाक्य आहे. कोणी शोधला, कोणत्या साधनाने, किती काळानंतर, हे त्यात लुप्त आहे. निदानानंतर घेतलेल्या रक्तातील अवशेषांवरून वीस-तीस वर्षांपूर्वीचा संपर्क कितपत कळतो, ही मर्यादा वाक्यातच आली असती तर ‘संबंध आढळला नाही’ म्हणजे ‘संबंध नाही’ असा अर्थ कोणी काढला नसता, आणि ‘सत्य दडपले’ असाही कोणी काढला नसता. मराठी शास्त्रीय गद्याने ‘आढळून आले’, ‘दिसून येते’, ‘मानण्यात येते’ ह्या कर्तृहीन रचना वस्तुनिष्ठतेची खूण म्हणून उचलल्या आहेत. वस्तुनिष्ठता कर्ता लपविण्याने येत नाही. कर्त्याने काय केले ते सांगण्याने येते.

७

हा विचार महाराष्ट्रास परका नाही. भारतातील पहिली लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदवही मुंबईस १९६३ साली सुरू झाली आणि ग्रामीण भागातील पहिली नोंदवही १९८७ साली बार्शी येथे. बार्शी, परांडा आणि भूम ह्या तालुक्यांतील गावांत रुग्ण आपण होऊन रुग्णालयाच्या कागदावर येत नाहीत हे ओळखून नोंदवहीचे कर्मचारी गावोगाव जाऊ लागले, गावातील जाणत्या मंडळींस भेटू लागले, लक्षणांची माहिती देऊ लागले आणि संशयितांस तपासणीसाठी येण्यास प्रवृत्त करू लागले. ही नोंदवही पर्यावरणाच्या संशोधनासाठी निघालेली नव्हती. परंतु तिच्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ‘तुलनासंख्या’ ज्या कोष्टकांतून काढावयाची ती कोष्टकेच मुळी लोकांनी सांगितलेल्या शब्दांवर उभी असतात. गावकऱ्याने आपल्या घरातील आजार कोणत्या नावाने सांगितला, कोणापुढे सांगितला, सांगण्यास तो का कचरला, ह्यांवर नोंदीची पूर्णता अवलंबून आहे. आणि नोंद अपूर्ण असेल तर नंतरचे कोणतेही गणित ती पूर्ण करू शकत नाही.

‘नो सेफ प्लेस’ आणि ‘अ सिव्हिल ॲक्शन’ ह्या ग्रंथांचे मूल्यमापन ह्या निकषावर केल्यास पहिला कलादृष्ट्या उणा असूनही अधिक उपयुक्त ठरतो. त्याने लोकांचे कथन ज्ञानाच्या आरंभी ठेवले. ते कथन चुकीचेही असू शकते हे मात्र त्याने पुरेसे मानले नाही. दुसऱ्या ग्रंथाने अन्यायाची जाणीव प्रभावी रीतीने करून दिली. परंतु शोधाचे रूपांतर लढतीत झाले की सत्याचे काय होते, हे दाखविताना त्याने शोधाची दुसरी वाट अंधारात ठेवली. दोन्ही ग्रंथांत नसलेली एक गोष्ट भाषेच्या अभ्यासकांस करता येण्याजोगी आहे. कर्करोगविषयक पाहणीची प्रश्नावली, संमतिपत्र आणि निष्कर्षाचे निवेदन मराठीत तयार होते तेव्हा ते बहुधा इंग्रजीवरून शब्दशः उतरविले जाते. अभिनती, तुलनासंख्या, अंतराल, संपर्क ह्या संज्ञांचा व्यवहारातील अर्थ आणि शास्त्रीय अर्थ ह्यांत किती अंतर आहे, ह्याची क्षेत्रीय पाहणी पदव्युत्तर विद्यार्थ्यांस हाती घेता येईल. गावात प्रश्नावली जाण्यापूर्वी तिचे शब्द गावात जाऊन यावेत. वूबर्नमध्ये पाण्याविषयीचे रहिवाशांचे शब्द नोंदवहीत येण्यास पंधरा वर्षे लागली, आणि तोवर ज्याचे मापन करावयाचे ते पाणी लोकांनी पिऊन टाकलेले होते.